अमृतमहालाचे बैल

शाळेतील इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या तारखा असतात, सेनापतींची नावे असतात आणि तहांची कलमेही असतात. परंतु ज्या तोफेने बुरूज ढासळला ती तोफ त्या बुरुजापुढे कोणी ओढून आणली, हा प्रश्न परीक्षेत सहसा येत नाही. अठराव्या शतकातील किल्ला फोडणारी चोवीस पौंडी तोफ म्हणजे अडीच टनांच्या घरातले धूड. रस्ते नाहीत, नद्यांवर पूल नाहीत, आणि पाऊस पडला की काळी जमीन गुडघाभर चिखल होऊन बसे. अशा मुलखातून हे धूड हलवावयाचे तर एकच शक्ती हाताशी होती, ती बैलाची. तोफेला बैल, दारूगोळ्याला बैल, शिपायाच्या तांदळाला बैल, आणि या साऱ्या बैलांचे दाणावैरण वाहण्यास आणखी बैल!

हे बैल मिळवण्याचे मार्ग दोन. राज्याने ते स्वतः पाळावेत, नाही तर गरज पडेल तेव्हा भाड्याने घ्यावेत. वरवर पाहता हा एखाद्या फडणिसाच्या दप्तरातला प्रश्न. तथापि दक्षिणेत त्याच्या उत्तरावर मोठमोठ्या मोहिमांचे यशापयश ठरले आहे, आणि तोच प्रश्न वेगळ्या वेषात अगदी परवापर्यंत आपल्या देशापुढे उभा होता.

मराठ्यांचा भर दुसऱ्या मार्गावर असे. बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर गोणी लादून देशभर हिंडत. मोगल असो, मराठा असो, निजाम असो की कंपनी सरकार असो, जो रोख दाम मोजील आणि तांड्याला अभय देईल त्याच्या छावणीत त्यांचे धान्य उतरे. शिवाय फौजेच्या मागोमाग बाजार चालत असे. ‘बाजारबुणगे’ हा शब्द आज आपण हेटाळणीने उच्चारतो. पण त्या बुणग्यांतच वाणी होते, लोहार होते, चांभार होते, आणि ते नसते तर लढवय्ये चार दिवसांत उपाशी पडले असते.

म्हैसूरने मात्र पहिला मार्ग धरला. त्याची सुरुवात लढाईसाठी नव्हे, लोण्यासाठी झाली. चिक्कदेवराज वोडेयर (कारकीर्द १६७२ ते १७०४) याने राजवाड्याला दूधलोणी पुरवणाऱ्या गाईंचे एक खाते उभे केले. त्याचे नाव ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची कचेरी. या गाईंसाठी राज्यात ठिकठिकाणी कुरणे राखून ठेवण्यात आली. कानडीत त्यांना ‘कावल’ म्हणतात. पुढे हैदरअलीच्या हाती राज्य आले. हैदर फारसा शिकलेला नव्हता, परंतु फौज कशावर चालते हे त्याला पुरते ठाऊक होते. त्याने पाळेगारांचे उत्तमोत्तम कळप आणून या खात्यात मिसळले आणि लोण्याच्या कचेरीचे रूपांतर तोफखान्याच्या गोठ्यात केले. टिपूने तिला ‘अमृतमहाल’ हे गोड नाव दिले आणि कळप कसे राखावेत, याचा एक हुकूमनामा काढला. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनीही तोच हुकूमनामा पुष्कळ अंशी चालू ठेवला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या जनावराची ओळख मराठी शेतकऱ्याला वेगळी करून द्यावयास नको. आपला खिल्लार आणि म्हैसूरचा अमृतमहाल यांना पशुतज्ज्ञ एकाच गटात घालतात. तेच अरुंद कपाळ, मागे वळून वर गेलेली तीच लांब अणकुचीदार शिंगे, तेच आटोपशीर अंग आणि तोच तापट स्वभाव. गाय दूध देते ते वासरापुरतेच. लोण्याच्या कचेरीतून निघालेल्या कुळाला हे काहीसे विचित्रच. कळप वर्षभर उघड्या रानात राहात. उन्हाळ्याची कुरणे वेगळी, पावसाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी. ऋतू बदलला की कळप एका कावलातून दुसऱ्यात जाई. माणसाची सवय नसलेली ही जनावरे परक्याला जवळ येऊ देत नसत. असे खोंड पकडून, भक्कम खांबाला बांधून, मग शिकलेल्या बैलाच्या जोडीला जुंपून हळूहळू ओढीला लावावे लागे. वासरू जन्मल्यापासून ते तोफेखाली भरवशाने चालेपर्यंत कित्येक वर्षे जात. हे काम पिढीजात गुराख्यांचे होते. तिकडे त्यांना ‘सर्वेगार’ म्हणत. कोणते कावल कोणत्या महिन्यात हिरवे असते, कोणत्या वळूची वासरे पायाने चपळ निघतात, हे ज्ञान ज्याच्या डोक्यात असते तो म्हातारा झाला की पोराला सांगून जातो. ते दप्तरात लिहिलेले सापडत नाही. पुढील कथेत या गोष्टीला फार महत्त्व आहे.

या खात्याच्या जोरावर म्हैसूरच्या फौजेने काय केले, याची नोंद म्हैसूरच्या गॅझेटियरमध्ये आहे. १७८१ मध्ये चिदंबरमच्या बचावासाठी हैदरने अडीच दिवसांत शंभर मैल मजल मारली. त्याच साली पोर्टो नोव्होच्या लढाईत त्याचा पराभव झाला. पण शत्रूच्या डोळ्यांदेखत त्याने आपल्या तोफा काढून नेल्या. विजयी सेनापती सर आयर कूट पाहात राहिला, कारण पाठलाग करण्यास त्याच्याजवळ बैलच नव्हते! मद्रासची फौज ठेकेदाराच्या जनावरांवर चाले. ठेकेदार कागदावर जितके बैल दाखवी तितके ते दावणीला असतच असे नाही, आणि असत त्यांतही निम्मे हाडांचे सापळे.

या व्यवस्थेचे खरे रूप १७९१ च्या मे महिन्यात उघडे पडले. लॉर्ड कॉर्नवॉलिसने मार्चमध्ये बंगळूरचा किल्ला घेतला आणि तो श्रीरंगपट्टणापर्यंत येऊन ठेपला. लढाईत त्याची सरशी झाली. परंतु टिपूने वाटेतले गवत जाळून टाकले होते, पावसाने झोड उठवली होती, आणि बैल पटापट मरत होते. मरणाऱ्या बैलांचे मांस खाऊन छावणीतल्या लोकांनी दिवस काढले. शेवटी किल्ला फोडण्यासाठी शेकडो मैलांवरून आणलेल्या मोठ्या तोफा कॉर्नवॉलिसला स्वतःच्या हाताने निकामी कराव्या लागल्या, आणि हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलने माघारीची वाट धरली. शत्रूने हरवले नाही. ओढणारा उरला नाही.

माघारीला निघालेल्या या फौजेला मेलकोट्याच्या बाजूने घोडेस्वार येताना दिसले. आधी वाटले, टिपूचेच लोक. पण ते निघाले मराठे! हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन पोचल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा तो प्रसिद्ध बाजार होता. तांदूळ, डाळ, कापड, जनावरे, जे म्हणाल ते त्यात होते. उपाशी इंग्रजी फौजेला त्या बाजाराने जगवले. भाव मात्र मराठी वाण्यांनी असे लावले की इंग्रज लेखकांनी त्याबद्दल पुढे कितीतरी वर्षे नाराजी व्यक्त केली. संकटात सापडलेल्या गिऱ्हाइकाला व्यापारी स्वस्तात देत नाही, हा अनुभव नवा नव्हता. पण येथे न्यायाने एक गोष्ट म्हटली पाहिजे. भाड्याच्या व्यवस्थेने कॉर्नवॉलिसला बुडवले आणि भाड्याच्याच व्यवस्थेने त्याला तारले. मद्रासच्या ठेकेदाराला कंपनीखेरीज दुसरे गिऱ्हाईक नव्हते, लबाडी हाच त्याचा नफा होता. उलट बंजारा आणि छावणीचा वाणी यांचा व्यापार लढाईच्या आधीही चालू होता आणि नंतरही चालणार होता. ठेका आणि बाजार या दोन गोष्टी एक नव्हेत.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि अमृतमहालाचे कळप कंपनीच्या हाती आले. तेथे राहिलेला तरुण अधिकारी आर्थर वेल्स्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याच्या त्या वर्षांतील पत्रांत बैलांचा विषय इतका येतो की वाचणाऱ्याला हा सेनापती की गोठ्याचा कारभारी, असा संशय यावा. जलद हालचाल हवी तर चांगली जनावरे, चांगले हाकणारे आणि चांगली निगा हवी, हा त्याचा पाठ होता. बेळगावकडील वाचकांच्या परिसरातही त्याचा प्रत्यय आला होता. १८०० च्या जुलैअखेर मलप्रभेकाठी मनोळी येथे वेल्स्लीने धोंडजी वाघाची छावणी अचानक गाठली, ती अशाच लांब मजलीनंतर. पुढे १८०३ मध्ये तो हरिहरहून पुण्यास आणि तेथून अहमदनगर, असई, अडगाव, गाविलगड असा फिरला. पुढील काळात स्पेनमध्ये लढताना म्हैसूरचे बैल आपल्याजवळ नाहीत, याची खंत तो वारंवार बोलून दाखवी, असे सांगतात.

कळपांची व्यवस्था मात्र कंपनीने प्रथम म्हैसूर दरबारावर सोपवली. ठरलेले बैल पुरवावेत, एवढीच अट. ज्याला वापरावयाचे नाहीत त्याच्याकडे जोपासना गेली की जे होते तेच झाले; पैदास घसरली. तेव्हा १८१३ मध्ये मद्रासच्या कमिसरिएट खात्यातील कॅप्टन हार्वे याच्याकडे कळप देण्यात आले. मुख्य ठाणे हुणसूरला होते. काही वर्षांतच खाते पुन्हा सावरले. त्याचा फटका बसला तो आपल्याच पेशवाईला. जनरल प्रिट्झलरने बाजीरावाचा पाठलाग करताना पंचवीस दिवसांत ३४६ मैल तुडवले, ते याच बैलांच्या बळावर. पेशवा पुढे का पळत होता, याची कारणे आपल्या इतिहासकारांनी पुष्कळ दिली आहेत. मागून येणारा थकत का नव्हता, याचे कारण हुणसूरच्या कुरणात होते.

आता १८६० सालाकडे वळू. सत्तावन्नच्या उठावानंतर सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला होता. जेम्स विल्सनने कलकत्त्यात अंदाजपत्रक मांडले आणि या देशात प्रथमच प्राप्तीवर कर बसवला. मद्रासचा गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन याला तो कर मुळीच पसंत नव्हता. लष्कराचा खर्च कमी करा, म्हणजे नव्या कराची गरज उरणार नाही, असे त्याचे म्हणणे. ते त्याने उघडपणे प्रसिद्ध केले आणि त्यापायी त्याला त्याच साली परत बोलावण्यात आले. परंतु जाण्यापूर्वी त्याच्या कात्रीखाली अमृतमहाल सापडला होता. मद्रासहून आगगाडी सुरू होऊन चार वर्षे झाली होती. मोठी लढाई दृष्टिपथात नव्हती. हजारो गुरे, मैलोन्‌मैल कुरणे, शेकडो गुराखी, हे सारे नाकापेक्षा मोती जड असेच त्याला वाटले. खाते मोडण्यात आले आणि कळप विकण्यात आले.

हा ट्रेव्हेल्यन कोण, हे पाहिले म्हणजे मन क्षणभर थबकते. तो मेकॉलेचा मेहुणा. अत्यंत कष्टाळू, निःस्पृह, लाचलुचपतीचा शत्रू. परीक्षा घेऊन सरकारी नोकर नेमावेत ही शिफारस १८५४ मध्ये करणाऱ्या दोघांपैकी तो एक. परंतु बाजार सर्व काही पुरवील, सरकारने मध्ये पडू नये, या सिद्धांतावर त्याची श्रद्धा होती, आणि ती श्रद्धा तीन वेळा कसोटीला लागली. प्रथम आयर्लंडमध्ये. १८४५ नंतर बटाट्याचे पीक कुजून तेथे लाखो लोक भुकेने आणि साथींनी मेले, तेव्हा लंडनच्या खजिना खात्यातून मदतकार्याची सूत्रे त्याच्याच हाती होती. व्यापाऱ्यांचा धंदा बिघडेल म्हणून धान्य वाटताना हात आखडता घेण्यात आला. आयरिश माणसाने ते नाव अजून क्षमा केलेले नाही. दुसऱ्यांदा क्रिमियात. ब्रिटिश सैन्याचे गाड्यांचे पथक काटकसरीसाठी १८३३ मध्येच मोडण्यात आले होते आणि रसदीचे कमिसरिएट खाते लष्कराकडे नसून खजिन्याकडे, म्हणजे ट्रेव्हेल्यनकडे होते. १८५४ च्या हिवाळ्यात बालाक्लाव्हाच्या बंदरात माल येऊन पडला होता आणि सहा-सात मैलांवर छावणीत शिपाई गारठून व उपासमारीने मरत होते. मधले अंतर काटण्यास जनावरे नव्हती. जी होती ती वैरणीवाचून मेली. १८५५ च्या जानेवारीत घाईघाईने वाहतुकीचे नवे पथक उभारावे लागले. मोडलेले खाते ऐन वेळी बाजारातून विकत मिळत नाही, हे ज्याने सर्वांत जवळून पाहिले त्याच माणसाने पाच वर्षांनी अमृतमहाल मोडला!

त्याला मूर्ख म्हणता येणार नाही, दुष्टही म्हणता येणार नाही. त्याच्या हिशेबात चूक नव्हती. हिशेबात न येणाऱ्या गोष्टीला किंमत नाही, असे मानण्यात चूक होती. गाईची किंमत लिलावात कळते. वळूंची निवड करीत दोनशे वर्षांत घडलेले कूळ आणि ते राखणाऱ्या सर्वेगारांचे ज्ञान लिलावात बोलीला चढत नाही.

परिणाम लवकरच दिसला. आगगाडी मोठ्या शहरांना जोडत होती. रानातून तोफ ओढावयास बैलच लागत होता. डोंगरी मोहिमांत जड तोफा हत्ती ओढीत, पण गोळागोळी सुरू झाली की हत्ती बुजे आणि त्याला सोडून बैल जुंपावे लागत. बाजारात तसे बैल मिळेनात, कारण रयतेच्या गुरांत चांगले रक्त जात होते तेच मुळी अमृतमहालाच्या वळूंकडून. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? १८६६ मध्ये, म्हणजे सहाच वर्षांत, सरकारला खाते पुन्हा उभारावे लागले. म्हैसूरच्या महाराजांना, तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांना, गुरांची हौस होती. त्यांच्या साहाय्याने कळप पुन्हा जमवण्यात आले. १८८२ मध्ये म्हैसूर संस्थानाने २,२५,००० रुपये देऊन खाते विकत घेतले आणि मद्रासच्या फौजेला दरसाल बैल पुरवण्याचे पत्करले. पुढे मोटार आली, तोफेचा बैल इतिहासजमा झाला आणि १९२३ मध्ये अमृतमहाल लष्करी खात्यातून शेतकी खात्याकडे गेला. हा शेवट शांतपणे झाला. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

यावरून लष्कराने आपले कोणतेच खाते मोडू नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. याच देशात घडलेले दुसरे उदाहरण शेजारी ठेवून पाहावे.

एकोणिसाव्या शतकात गोऱ्या पलटणींना दूध मिळे ते बाजारातल्या गवळ्यांकडून. छावण्यांत विषमज्वराने तरुण शिपाई मरत, आणि डॉक्टरांचा संशय पाण्याइतकाच दुधावर होता. तेव्हा फौजेने स्वतःच्या गाई पाळावयास घेतल्या. १ फेब्रुवारी १८८९ रोजी अलाहाबादला पहिला मिलिटरी फार्म निघाला. स्वातंत्र्यानंतर देशभर असे १३० फार्म आणि तीस हजार जनावरे होती. बेळगाव, महू, सिकंदराबाद, पुण्याजवळचे पिंपरी, या ठिकाणच्या जुन्या लोकांना ते डेअरी फार्म आठवत असतील. १९७१ च्या युद्धात दोन्ही आघाड्यांवर आणि पुढे कारगिलच्या वेळीही त्यांनी दूध पुरवले. कृत्रिम रेतनाचा संघटित उपयोग करण्यात ते आघाडीवर होते. साहिवाल आणि होल्स्टीन यांच्या संकरातून ‘फ्रीजवाल’ ही दुधाळ जात तयार करण्याचे काम १९८५ पासून त्यांच्याच गोठ्यांत चालले.

मधल्या काळात बाहेरचे जग बदलले होते. १९४६ मध्ये आणंदचा सहकारी संघ निघाला, १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली. ज्या बाजाराच्या भीतीने फौजेने गाई पाळल्या तो बाजार आता फौजेपेक्षा स्वच्छ दूध विकू लागला. लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये लष्कराच्या साहाय्यक खात्यांची छाननी करून अहवाल दिला. लढणाऱ्या दलांची शक्ती वाढवावी आणि त्यासाठी इतरत्र अडकलेली माणसे मोकळी करावीत, हे त्याचे सूत्र. त्याला अनुसरून २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने उरलेले ३९ फार्म बंद करण्याचे ठरवले. शांततेच्या ठाण्यांतील टपाल व्यवस्था, दुरुस्तीचे कारखाने यांच्याही फेररचनेचे ठरले. एकंदर सत्तावन्न हजार जागांची फेरवाटणी व्हावयाची होती. तीन महिन्यांत आटोपावे, असे ठरलेले काम साडेतीन वर्षे चालले, कारण हजारो गाई म्हणजे टेबलखुर्च्या नव्हेत. अखेर ३१ मार्च २०२१ रोजी दिल्ली छावणीत मिलिटरी फार्म्सचा ध्वज विधिपूर्वक उतरवण्यात आला. एकशे बत्तीस वर्षांची सेवा संपली. अधिकारी आणि कामगार संरक्षण खात्यातच दुसरीकडे सामावून घेण्यात आले. गाई नाममात्र किमतीत सरकारी खात्यांना आणि सहकारी दूधसंघांना देण्यात आल्या.

ट्रेव्हेल्यनने जे केले आणि २०२१ मध्ये जे झाले, त्यांत बाहेरून साम्य आहे, आतून नाही. १८६० मध्ये बाजाराजवळ द्यावयास काही नव्हते, कारण बाजाराचा उगमच त्या खात्यात होता. २०२१ मध्ये बाजार आधी उभा राहिला आणि मग खाते मिटले. अर्थात लेहसारख्या ठिकाणी बर्फाने रस्ते अडले की काय, फ्रीजवाल गाईंच्या पिढ्यांच्या ज्या नोंदी एका ठिकाणी राहात होत्या त्या अनेक हातांत वाटल्या गेल्यावर त्यांचा धागा टिकतो की नाही, हे प्रश्न राहतात. त्यांची उत्तरे दुधाच्या दरात सापडणारी नाहीत.

अमृतमहालाच्या गाई आजही आहेत. चिक्कमगळूर जिल्ह्यात अज्जमपूर येथे त्यांचे पैदास केंद्र आहे. कावले मात्र आटत गेली. काही शेतीखाली गेली, काहींवर गावे वसली. चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळच्या विस्तीर्ण कावलांतील हजारो एकर जमीन या शतकात संरक्षण आणि विज्ञान संस्थांना देण्यात आली. आपली गुरे आणि मेंढ्या तेथे चारणाऱ्या गावकऱ्यांच्या वतीने हरित न्यायाधिकरणापर्यंत दाद मागितली गेली. २०१७ च्या मे महिन्यात तेथे संरक्षण संशोधन संस्थेच्या चाचणी तळाचे उद्घाटन झाले. जेथे सर्वेगार तोफेचे खोंड वळत होते त्या माळावर वैमानिक नसलेल्या विमानांच्या चाचण्या होतात, आणि कुंपणाबाहेर जे रान उरले आहे त्यात गुराखी गुरे घेऊन येतात.